पालिकेची सभा घरून ऐकता-बोलता यावी का? आमची नगरपरिषद 'नाही' म्हणते

गिरणाकाठ

आमच्या तालुक्याच्या गावात (नाव मुद्दाम देत नाही) साठेक जणांच्या सह्यांचा अर्ज आम्ही नगरपरिषदेत दिला. सर्वसाधारण सभा मोबाइलवर थेट दाखवा, ज्याला प्रश्न मांडायचा आहे त्याला व्हिडिओवरून तीन मिनिटं द्या, आणि आजारी किंवा परगावी असलेल्या नगरसेवकाची हजेरी व मतही ऑनलाइन धरा, असं त्यात मागितलं होतं. तीन आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. सभा प्रत्यक्षच होतील, दूरस्थ सहभागाची तरतूद नाही, विषय संपला.

मला हे पटलेलं नाही. 2020 मध्ये कोरोनात नगरविकास विभागानेच पालिकांना व्हिडिओ कॉन्फरन्सवर सभा घ्यायला सांगितलं होतं. तेव्हा ठराव झाले, कामं निघाली. सुप्रीम कोर्टात घटनापीठापुढची सुनावणी 27 सप्टेंबर 2022 पासून कोणीही घरबसल्या बघतो. माझ्या गल्लीतल्या गटारीचा विषय ऐकायला मात्र अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची, मे महिन्यात 45 अंशात पालिका गाठायची, वर जिना चढून गॅलरीत बसायचं. गुडघे गेलेल्या माझ्या आईने काय करायचं? ती चाळीस वर्षं घरपट्टी भरते आहे.

निवृत्त सभा लिपिक

तुमचा राग समजतो, पण मुळातच एक घोटाळा होतो आहे. मी पंचवीसेक वर्षं इतिवृत्तं लिहिली. सर्वसाधारण सभा सदस्यांची असते. नागरिकाने गॅलरीत बसून ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. जो हक्क सभागृहात हजर असलेल्या माणसाला नाही, तो मोबाइलवाल्याला कसा देणार? तुमचा अर्ज तिथेच लंगडा पडला.

नागरिकांनी बोलायची जागा कायद्यात वेगळी आहे. 74व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्रसभांची तरतूद केली, म्हणजे गावातल्या ग्रामसभेसारखी शहरातल्या मतदारांची सभा. ती भरताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली? जी सभा समोरासमोर कधी भरली नाही, ती ऑनलाइन मागून काय मिळणार? आधी ती भरवायला लावा.

उधन्याहून

आप्पा, तुमचं कायद्याचं बरोबर असेल, पण मी बोलतो पोटाचं. घर अमळनेर तालुक्यात, काम सुरतेत. आमच्या चाळीत दहापैकी सात बिऱ्हाडं खान्देशी आहेत. भुसावळकडच्या गाडीने रात्रभर बसून यायचं, सकाळी सभा, परत रात्रीची गाडी. दोन दिवसांचा पगार जातो. घर तिथंच आहे, आईबाप तिथंच आहेत, मत टाकायलाही तिथंच येतो. पाण्याची टाकी कुठे बांधायची हे ठरताना आमनं बी ऐका रे भो, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त सभा लिपिक

भाऊ, तुमचं दुःख खोटं नाही. पण टाकीचं पाणी जो रोज भरतो, त्याचा आवाज आधी. सुरतेतून शंभर जण जोडले गेले आणि गल्लीतली दहा माणसं वर जिन्यात उभी राहिली, तर सभेला शंभरच दिसतील.

जळगावकर

मी अर्जाच्या तिसऱ्या मागणीच्या पूर्ण विरोधात आहे, आणि कारण आमच्याच शहरात घडलेलं आहे. 18 मार्च 2021. जळगावच्या महापौरपदाची निवडणूक ऑनलाइन झाली. 75 जणांच्या सभागृहात 2018 मध्ये भाजपचे 57 निवडून आले होते, शिवसेनेचे 15, एमआयएमचे 3. ऑनलाइन मतदानात शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. फुटलेल्या नगरसेवकांना सभागृहात यावंच लागलं नाही, शहराबाहेरून स्क्रीनवर मत दिलं.

कोणता पक्ष बरोबर होता हा माझा विषयच नाही. उलट झालं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. मतदानापर्यंत नगरसेवकांना बाहेरगावी नेऊन ठेवायची 'सहल' आपल्याकडे जुनीच आहे. पण पूर्वी सहलीवरून आलेल्या माणसाला निदान मतदानाच्या दिवशी गावात पाय ठेवावा लागायचा. दारात मतदार उभा असायचा, त्याच्या नजरेला नजर द्यावी लागायची. स्क्रीनवर चेहरा दिसतो, खोलीत मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. पक्ष सोडायचा असेल तर सोडा, पण ज्यांनी निवडून दिलं त्यांच्यासमोर येऊन हात वर करा.

गिरणाकाठ

हे मी विचारात घेतलं नव्हतं. मान्य. पण नगरसेविका बाळंतीण असेल, कोणाचं ऑपरेशन झालं असेल तर?

जळगावकर

चर्चेत भाग घेऊ द्या, मत नको. एका खऱ्या आजाऱ्यासाठी दार उघडाल आणि त्यातून वीस जण बाहेर पडतील.

खान्देशी ताई

इथे सगळे पुरुष कायदा आणि पक्ष बोलत आहेत, म्हणून लिहिते. आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस ठरलेला नसतो, आला की घरातल्या बाईने हलायचं नाही. त्यात सभा सकाळी अकराला. गेल्या सहा वर्षांत पाण्याच्या विषयावर मी एकदाही सभेत बसू शकले नाही, कारण त्या वेळी मी पाणीच भरत असते. सभागृहात निम्म्या जागा महिलांच्या आहेत, गॅलरी मात्र पुरुषांनी भरलेली. मोबाइल चुलीशेजारी ठेवून मी ऐकलं असतं. कोणत्या नगरसेवकाने आमच्या लाइनबद्दल तोंड उघडलं आणि कोण गप्प बसला, एवढं कळलं तरी पुरे. आता ते मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांकडून कळतं, आणि काका त्यांच्या गटाचं तेवढंच सांगतात.

जळगावकर दादा म्हणतात नजरेला नजर द्यावी. द्यावीच. पण ती नजर फक्त गॅलरीत बसायला सवड असलेल्याचीच का असावी?

अक्राणीचा

धडगावकडचा आहे. आमच्या पाड्यांवर रेंज पकडायला टेकडी चढावी लागते, अर्धी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला, नाहीतर गुजरातेत. ऑनलाइन झालं की साहेब म्हणतील, सगळ्यांना कळवलं, लिंक दिली होती. आज निदान दवंडी द्यावी लागते, बाजाराच्या दिवशी सांगावं लागतं. लिंक हे न बोलावण्याचं नवं निमित्त होऊ नये. 'प्रत्यक्ष सभा कमी होणार नाहीत' हे अर्जात पहिलं लिहा, मग बाकीचं.

ठेवीदार

माझा अनुभव कडू आहे. एका पतसंस्थेत (नाव घेत नाही) माझी ठेव अडकली होती. कोरोनात वार्षिक सभा ऑनलाइन ठेवली. दोनशे सभासद जोडले गेलो, सगळ्यांचे माइक बंद. अहवाल वाचला, 'मंजूर, मंजूर' असे दोन आवाज आले, नऊ मिनिटांत सभा संपली. हॉलमध्ये असतो तर खुर्चीवर उभा राहिलो असतो, ओरडलो असतो, चार माणसं माझ्या बाजूने उठली असती. मोबाइलवर मी एकटाच माझ्या खोलीत बोलत होतो, माझ्या बायकोने ऐकलं, बस. माइकचं बटण ज्याच्या हातात, सभा त्याची. म्हणून नगरपरिषदेचं उत्तर उद्धट असलं तरी निर्णय मला चूक वाटत नाही.

खान्देशी ताई

काका, तुमच्यावर अन्याय झाला. पण तुमची सभा फक्त ऑनलाइन होती. आम्ही मागतो ती सभागृहातली सभा तशीच ठेवून वर खिडकी उघडी ठेवण्याची. शिवाय थेट प्रक्षेपणाची चित्रफीत मागे राहते. नऊ मिनिटांत गुंडाळलेली सभा सगळ्या गावाने पुन्हा पुन्हा पाहिली असती तर? 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत जे घुसडलं जातं, ते इतिवृत्तात एका ओळीत येतं. चित्रफितीत पाच मिनिटं पाच मिनिटंच राहतात.

निवृत्त सभा लिपिक

ताईंचा हा मुद्दा मी नाकारू शकत नाही. ती एक ओळ मीच लिहायचो. सभेत अर्धा तास वाद झाला तरी शेवटी 'चर्चेअंती ठराव मंजूर' एवढंच उतरायचं. लिपिकाने त्याहून जास्त लिहिलं तर सही होत नसे.

तेव्हा थेट प्रक्षेपणाला माझा विरोध मागे घेतो. व्हिडिओवरून बोलण्याला आहे तो आहे, ते क्षेत्रसभेत मागा. नवा अर्ज करताना तरतूद नाही म्हणणाऱ्यांना माहिती अधिकार कायदा 2005 मधलं कलम 4 दाखवा. परिषदा, समित्या यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे कोणी न मागता जाहीर करायचं बंधन त्यात आहे. प्रक्षेपण थेट त्या कलमात नाही, पण दिशा तीच आहे.

गिरणाकाठ

आप्पा, आभार. ऑनलाइन मताची मागणी काढतो आहे, जळगावकरांचं ऐकून. अक्राणीच्या भावाची अट वर घेतो. प्रक्षेपण आणि चित्रफीत जपून ठेवणं ही मुख्य मागणी राहील, आणि क्षेत्रसभा भरवून तिथे परगावच्यांना व्हिडिओवरून बोलू द्या ही दुसरी. ठेवीदार काका, तिथे माइक कोणाच्या हातात असेल हे कसं लिहावं, तेवढं सुचवा. सोमवारी अर्ज देतो, या वेळी पोच घेऊन.

ठेवीदार

लिहा की बोलणाऱ्यांची नावं आधी चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर ठरतील, आणि वेळ संपेपर्यंत माइक बंद करता येणार नाही. सही करायला मी येतो. पण व्हिडिओवर बोलण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे.