मदत हवी आहे: हीटरचा हिशोब जुळतो, मोटारीचा का जुळत नाही?

नमस्कार मंडळी. आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. पुतण्या दहावीला आहे, त्याला घरच्याच वस्तूंवर मोजमाप करून रोध आणि शक्ती काढायला शिकवतोय.

पाणी तापवायच्या रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट लिहिलंय. आमच्याकडे दाब २१० व्होल्ट होता, क्लॅम्प मीटरवर करंट ६ अँपिअर. म्हणजे रोध २१० ÷ ६ = ३५ ओहम आणि शक्ती २१० × ६ = १२६० वॅट. छापील आकड्यांवरूनही रोध २३० × २३० ÷ १५०० म्हणजे साधारण ३५ ओहमच येतो. पोरगं जाम खूश!

मग विहिरीवरच्या १ एचपी सिंगल फेज मोटारीकडे वळलो. तिथं २१० व्होल्टला ७ अँपिअर, म्हणजे १४७० वॅट. पण १ एचपी तर ७४६ वॅट. शिवाय भागाकाराने रोध ३० ओहम येतो, आणि सप्लाय तोडून, कपॅसिटर सोडवून मल्टिमीटरने रनिंग वाइंडिंग (मोटारीची मुख्य कॉइल) मोजलं तर जेमतेम ४ ओहम.

माझ्या समजुतीनुसार एसीवर कॉइल स्वतःचा वेगळा विरोध करते, म्हणून ते ३० ओहम निव्वळ रोध नव्हेत. आणि १४७० हे व्होल्ट-अँपिअर; खरे वॅट पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरपैकी किती भाग खरे वॅट, ते प्रमाण) गुणून. बरोबर आहे का? ७४६ हे शाफ्टवर (मोटारीच्या फिरत्या दांड्यावर) मिळणारे वॅट, हेही खरं ना?

वॅटमीटर नाही. बाकी सगळं बंद ठेवून वीजमीटरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं, त्याला ६० ने गुणून ३२०० ने भागायचं (मीटरवर एका युनिटला, म्हणजे किलोवॅट-तासाला, ३२०० वेळा लुकलुक असं लिहिलंय), तर किलोवॅट मिळतील ना? मोटार रिवाइंडिंगवाल्या जाणकारांनी कृपया सांगावं, दहावीच्या पोराला पटेल अशा भाषेत.