मदत हवी आहे : अर्धा राक्षस, पण हळूहळू मोठा झालेला कोणी?
टीनएजर्ससाठी फँटसी कादंबरी लिहितेय, गिरगावच्या चाळीतला दहावीचा मुलगा, आई राक्षसकुळातली, वडील बेस्टमध्ये कंडक्टर. घटोत्कचाचा आधार घ्यायला गेले तर पंचाईत अशी की आदिपर्वात तो जन्मल्या जन्मल्या थेट तरणाबांड होतो, आणि मला तर नेमकं मधलंच वय हवंय, पिंपल्स आणि सुळे एकदम येणारं! रात्री राक्षसांचं बळ वाढतं ते द्रोणपर्वातून उचललंय, म्हणून हिरो नाइट स्कूलला. प्रल्हाद सुचवू नका प्लीज, त्याचे आईवडील दोघंही असुरच. मुंजा वगैरे पण नको, ती भुतं, वंशाचा प्रश्नच नाही. तर पुराणात किंवा कोकणातल्या लोककथांत असं मिश्र रक्ताचं, बालपण सविस्तर आलेलं पोर कोणी आहे का, आणि ते मराठीत कुठल्या पुस्तकात सापडेल?