शब्दचर्चा : पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि वळणे

राखेच्या बुधवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचा (ईस्टरआधीचा) उपासाचा काळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमध्ये होणाऱ्या बायबलच्या वाचनांवर मनन लिहायला बसले आणि 'पश्चात्ताप' या एका शब्दापाशी अडले.

पहिले वाचन योएल संदेष्ट्याचे, दुसरा अध्याय. वस्त्रे नव्हे, हृदये फाडा आणि माझ्याकडे वळा, अशी परमेश्वराची हाक. इथले मूळ हिब्रू क्रियापद 'शूव' म्हणजे मागे वळणे, परत येणे. वाट चुकलेला माणूस माघारी फिरतो, त्यालाही हाच साधा शब्द. कपाळाला राख लावताना मार्कच्या शुभवर्तमानातले, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातले, पहिल्या अध्यायातले जे वाक्य म्हणतात, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा, त्यात ग्रीक 'मेटानोइया'चे क्रियापद आहे, म्हणजे मन पालटणे. आपला शब्द मात्र पश्चात् अधिक ताप, मागाहून होणारी जळजळ. हिब्रूत पाय वळतात, ग्रीकमध्ये मन वळते, मराठीत माणूस आहे तिथेच पोळत उभा. मला हे फार खटकते आहे. आपण चुकीचा शब्द उचलला का?

दुसरी शंका या बुधवारपासून सुरू होणाऱ्या काळाच्या नावाची. कुणी उपवासकाळ म्हणतात, कुणी प्रायश्चित्तकाळ, कुणी सरळ लेंट. ही एकाच गोष्टीची नावे मानावीत का?

प्रतिसाद

आधी नावांचे बघू, ते सोपे आहे. 'लेंट' हा जुन्या इंग्रजीतला वसंत ऋतूचा शब्द, दिवस मोठे होऊ लागतात त्यावरून आलेला. त्यात ना उपास, ना पाप. लॅटिन नावाचा अर्थ 'चाळिसावा'. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजाल तर दिवस ४६ भरतात. मधले ६ रविवार वगळायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. मग ४० उरतात.

'उपवासकाळ' तोंडात बसलेला शब्द आहे, पण अपुरा. त्याच बुधवारचे शुभवर्तमान मत्तय सहावा अध्याय. तिथे प्रभू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या क्रमाने बोलतो. उपास तिसरा. नावात तोच एकटा पुढे आला आणि बाकीची दोन मागे पडली.

'प्रायश्चित्त' मात्र जपून वापरा. या शब्दाचे ख्रिस्ती मराठीत दोन संसार आहेत. पापनिवेदनानंतर धर्मगुरू जे करायला सांगतात ते प्रायश्चित्त, म्हणजे माणसाने करायचे. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, म्हणजे देवाने केलेले, माणसाच्या हातून कधीच न होणारे. कॅथलिक कानाला 'प्रायश्चित्तकाळ' सरळ वाटतो. प्रॉटेस्टंट माणूस तोच शब्द ऐकून दचकतो, की जे क्रुसावर एकदाच झाले ते आपण ४० दिवसांत पुन्हा कसे करणार? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मनन दोन्हीकडे वाचले जाणार असेल तर या शब्दाला एक ओळ खर्च करा, नाहीतर पुढचे सगळे उलटे ऐकले जाईल.

प्रतिसाद

पश्चात्तापाची बाजू मी घेतो. शब्दाची फोड म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. घरात आपण 'पस्तावा' म्हणतो, तो याच शब्दाचा झिजलेला रूपभेद. संतांच्या अभंगांत 'अनुताप' येतो, त्यातही ताप आहेच, पण तो माणसाला जागच्या जागी ठेवत नाही, देवाच्या पायाशी आणून सोडतो. पोळल्याशिवाय कोण हात मागे घेतो? मराठीने वळण्याच्या आधीची घडी पकडली आहे, एवढेच.

पण तुमची शंका पोकळ नाही. नुसता ताप पुरत नाही हे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या कथेतच लिहिलेले आहे. मत्तयच्या २७व्या अध्यायात प्रभूला पकडून देणारा शिष्य यहूदा पस्तावतो, चांदीची ३० नाणी मंदिरात फेकून देतो. तिथे 'मेटानोइया'चे क्रियापद नाही, हळहळ सांगणारे वेगळेच क्रियापद आहे. त्याचा ताप खरा होता. त्याने चूक कबूलही केली, पण ज्यांच्यासमोर केली ते म्हणाले, त्याचे आम्हाला काय? पुढे कुणाकडे वळावे हे त्याला सुचले नाही. हे वाचन आले की माझा आवाज दर वेळी अडखळतो.

उलट उधळ्या पुत्राची गोष्ट बघा. लूकच्या पंधराव्या अध्यायात तिच्या आधीचे दोन्ही दाखले, मेंढराचा आणि नाण्याचा, पश्चात्तापाचे नाव घेऊन संपतात. या गोष्टीत तो शब्द एकदाही नाही. मुलगा शुद्धीवर येतो, उठतो आणि बापाकडे निघतो. तीन क्रियापदे, बस्स.

मूळ लेखिका

यहूदाचे वाचून थांबलेच. आभार.

तुमच्या बोलण्यावरून वर्षभराची वाचने काढून बसले. हा शब्द उपवासकाळाच्या मालकीचा नाहीच. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, मत्तयच्या वर्षी (रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेरीने येतात, एकेका वर्षी मुख्यतः एक शुभवर्तमान), बाप्तिस्मा करणारा योहान रानात तोच शब्द ओरडतो, पण तिथे त्याचा सूर वाट साफ करण्याचा आहे, कुणीतरी येते आहे म्हणून. सणांच्या काळांबाहेरच्या सामान्यकाळाच्या तिसऱ्या रविवारी, मार्कच्या वर्षी, योना संदेष्ट्याच्या हाकेने वळलेल्या निनवेकरांच्या गोष्टीसोबत तो येतो, आणि त्याच वाचनात पुढे कोळी जाळी टाकून प्रभूच्या मागे जातात. पुनरुत्थानकाळात प्रभूचा शिष्य पेत्र याच्या तोंडी येतो तेव्हा तर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी: पश्चात्ताप करा व वळा. प्रेषितांची कृत्ये, तिसरा अध्याय. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ही जोडी इतकी वर्षे डोळ्यांसमोर होती आणि मी ती एका दमात वाचून पुढे जात होते!

म्हणून ठरवले आहे की राख लावतानाचे वाक्य आहे तसेच ठेवायचे. पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच शब्दांत कानावर पडले आहे. अंगठा कपाळावर टेकतो, राखेचे दोन-चार कण नाकावर सांडतात, त्या क्षणी नवा शब्द नको. पण मननात जिथे मला स्वतःच्या शब्दांत बोलायचे आहे तिथे 'वळणे'च लिहीन. 'मनपरिवर्तन' नको, तो सभेतला शब्द वाटतो.

प्रतिसाद

'वळणे' घेणार असाल तर लूकचा २२वा अध्याय सोडू नका. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू पेत्राला सांगून ठेवतो की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. तेव्हा पेत्र म्हणतो, मी तुरुंगात जायला, मरायलाही तयार आहे. मग अंगणात विस्तव पेटवलेला, उजेडात त्याचा चेहरा दिसतो, दासी टक लावून बघते, आणि तो प्रभूला ओळखत असल्याचे तीनदा नाकारतो. तो बोलत असतानाच कोंबडा आरवतो. इथे वाचक वाट बघतो की आता पेत्र वळणार. पण लूक लिहितो की प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी धातू एकच आहे. रडू त्यानंतर, बाहेर गेल्यावर.