हरळीच्या लॉनवर रायग्रास पेरायचं का? (सोसायटी ग्रुप, सातारा)

बी-३०२: गेटसमोरची हरळी डिसेंबरात पिवळी पडते. यंदा वरून रायग्रास, म्हणजे थंडीत हिरवं राहणारं गवत, पेरू म्हणतोय. १,००० चौरस फुटाला बी किती?

ए-१०४: पावणेचार किलो. १,००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, मीटरला ४० ग्रॅम. जास्त दाट पेरलं की रोपं लुसलुशीत राहतात आणि बुडाशी कुजतात.

सी-४०१: आधी पिवळेपणा थंडीचा की हुमणीचा (मुळं खाणारी अळी) ते बघा. डागातलं गवत मुठीत धरून ओढा. गोधडीसारखं सुटून आलं तर मुळं हुमणीने खाल्लीत. तिचा बंदोबस्त आधी, बी नंतर.

बी-३०२: मुळं घट्ट आहेत काका. रंग सगळीकडे सारखाच फिका होतो.

सी-४०१: मग थंडीच. पेरा खुशाल.

डी-२०३: पण ऑक्टोबरात घाई नको. परतीच्या पावसाची एक सर आली की बी वाहून उताराला गोळा होतं, शिवाय हरळी जोरात असल्याने रोपं दबतात. रात्रीचं तापमान १५-१६ अंशांवर आलं की पेरायचं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. पेरणीआधी युरिया अजिबात नको, तो हरळीच खाते. तणनाशकही नको. उगवणीआधी मारायचं औषध जमिनीत असेल तर ते रायग्रासलाही उगवू देत नाही.

ए-१०४: आणि बी मातीला टेकलं पाहिजे, सगळं तिथंच अडतं. हरळी दीड सेंटीमीटरपर्यंत कापा, दाताळ्याने वाळकं गवत ओढून काढा. कंद-मुळं उपटेपर्यंत खरवडू नका, उन्हाळ्यात त्यातूनच हरळी फुटायची आहे. बियाचे दोन भाग करा, कोरड्या वाळूत मिसळून एक उभा फेका, एक आडवा. वर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि वाळू, जेमतेम ३ मिलिमीटर. एवढ्या जागेला साधारण १० घनफूट, म्हणजे ब्रासचा दहावा भाग. कच्चं शेणखत आणलंत तर गाजर गवताची पेरणी फुकटात.

बी-३०२: पाणी रोज संध्याकाळी एकदा पुरेल ना?

डी-२०३: नाही हो. उगवेपर्यंत दिवसातून ३-४ वेळा, हलक्या फवाऱ्याने, वरचा थर ओला राहील इतकंच. पाइपची धार मारली की बी एका जागी गोळा होतं. शेवटचं पाणी चारपर्यंत द्या. रात्रभर ओलं राहिलं की रोपं कुजतात. ७ ते १० दिवसांत हिरवं दिसायला लागतं, मग पाळ्या कमी करून पाणी खोल द्या.

ई-१०१: सांगलीला बहिणीच्या सोसायटीत काळी माती आहे. तिथं हेच चालेल?

सी-४०१: ताई, पाण्याच्या पाळ्या कमी ठेवायला सांगा, काळ्या मातीत ओल टिकते. कापणी वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन माती जेमतेम ओली राहिली की, नाहीतर मशीनची चाकं रुततात. वर पांढरा क्षार दिसत असेल तर उगवण कमीच होणार.

ए-१०४: पहिली कापणी ७ सेंटीमीटरला, ५ वर आणायची. पातं धारदार हवं, बोथट पातं रोपं मुळासकट उपटतं. दुसऱ्या कापणीनंतर मीटरला १० ग्रॅम युरिया, लगेच पाणी.

बी-३०२: एक वर्षाचं घेऊ की बहुवर्षीय?

डी-२०३: एक वर्षाचं स्वस्त, पण पान जाड, रंग फिका. बहुवर्षीय दिसायला देखणं, पण मार्चमध्ये लवकर हटत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी खत बंद, पाणी कमी, कापणी हळूहळू अडीच सेंटीमीटरवर आणा. तेव्हा रायग्रासचा लोभ धरलात तर खालची हरळी सावलीत बसते आणि एप्रिलच्या उन्हात रायग्रास गेलं की खाली उघडी माती. माझं मत, गेटसमोरच्या दर्शनी पट्ट्यापुरतंच करा.

ई-१०१: मागचं लॉनही धरूया का मग?

ए-१०४: मागे कोरियन गवत आहे. त्याची गादी इतकी दाट की बी मातीपर्यंत पोचतच नाही, आणि खरवडलं तर भरून यायला फार वेळ लावतं. ते सोडा.

बी-३०२: ठीक. पावणेचार किलो बहुवर्षीय, फक्त पुढे. पिशवीवरची चाचणीची तारीख आणि उगवण टक्के बघूनच घेतो.