आर्टेटा यांच्यावरचा विश्वास परत बसला आहे. तो केवळ माद्रिदच्या विजयापुरता आहे का?

परभणीकर (18 एप्रिल 2025)

सर्वांना नमस्कार. आर्सेनलने रिअल माद्रिदला आधी लंडनमध्ये 3-0 आणि परवा त्यांच्या बर्नाबेऊ मैदानावर 2-1 असे हरवून 2009 नंतर प्रथमच चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. त्या आनंदाचा भर ओसरल्यावर मला एक प्रश्न सतावतो आहे आणि तो इथल्या जाणकारांपुढे मांडावा असे वाटले.

जानेवारीत आर्सेनलचे व्यवस्थापक मिकेल आर्टेटा यांच्यावरचा माझा विश्वास जवळजवळ उडाला होता. एफए कपमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या मँचेस्टर युनायटेडकडून आपल्याच मैदानावर पेनल्टी शूटआउटमध्ये हार झाली, त्याच सुमारास लीग कपच्या उपांत्य फेरीत न्यूकॅसलने दोन्ही सामने 2-0 असे जिंकले. गॅब्रिएल जेझुस गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामाबाहेर गेलेला असतानाही त्या महिन्यात एकही स्ट्रायकर विकत घेतला गेला नाही. पुढच्याच महिन्यात काई हावर्ट्झही जायबंदी झाला आणि वेस्ट हॅमने घरी येऊन 1-0 असे हरवले. ‘प्रोसेसवर विश्वास ठेवा’ हे पालुपद ऐकून कान किटले होते.

मात्र माद्रिदविरुद्ध जे पाहिले, त्याने माझे मत बदलले. डेक्लन राइसच्या दोन फ्री किकबद्दल सगळे जग बोलत आहे; माझे लक्ष तिसऱ्या गोलकडे जास्त गेले. अठरा वर्षांच्या माइल्स लुईस-स्केलीने डावीकडून आत येत चेंडू दिला आणि मिकेल मेरिनोने तो पहिल्याच स्पर्शात जाळ्यात धाडला. पास देणारा मुलगा क्लबच्या अकादमीतून आलेला, मूळचा मिडफिल्डर, ज्याला आर्टेटा यांनी लेफ्ट बॅक केले. गोल करणाराही मूळचा मिडफिल्डर, ज्याला फेब्रुवारीत लेस्टरविरुद्ध नाइलाजाने पुढे पाठवले आणि त्याने त्याच सामन्यात दोन गोल केले. बचावात गॅब्रिएल नव्हता, त्याच्या जागी याकुब किव्हिओर होता, आणि तरीही माद्रिदला पहिल्या सामन्यात एकही गोल करता आला नाही. (परतीच्या सामन्यात मध्यंतरानंतर आमच्याकडे वीज गेली आणि उरलेला खेळ मोबाईलच्या पडद्यावर, बॅटरीकडे एक डोळा ठेवून पाहिला, पण आपल्या सलिबाच्या चुकीवर माद्रिदच्या व्हिनिसियसने केलेला बरोबरीचा गोल तेवढ्या पडद्यावरही पुरेसा जिव्हारी लागला.)

माझा प्रश्न असा की, प्रीमियर लीगमध्ये आपण लिव्हरपूलच्या 13 गुणांनी मागे असताना आणि 2020 च्या एफए कपनंतर दोन कम्युनिटी शील्ड सोडल्या तर एकही करंडक हाती नसताना, या एका लढतीवरून व्यवस्थापकावर पुन्हा विश्वास टाकणे कितपत रास्त आहे?

लातूरकर (18 एप्रिल)

आपला आनंद मला समजतो, मीही त्याच क्लबचा आहे. परंतु आपल्या युक्तिवादाशी मी सहमत नाही. राइसने स्वतः सामन्यानंतर सांगितले की पहिल्या फ्री किकच्या वेळी आधी क्रॉस टाकण्याचा बेत होता आणि भिंत व गोलरक्षकाची जागा पाहून त्याने विचार बदलला. ज्या खेळाडूने त्याआधी व्यावसायिक कारकिर्दीत थेट फ्री किकवर एकही गोल केला नव्हता, त्याने बारा मिनिटांत दोन केले. याचे श्रेय त्या खेळाडूच्या पायाला द्यावे की बाकावर उभ्या असलेल्या व्यवस्थापकाला? ते दोन चेंडू भिंतीला लागून परत आले असते, तर हा धागाच निघाला नसता.

दुसरे असे की, मेरिनोला पुढे खेळवावे लागले हे कौतुकाचे कारण मानण्याऐवजी मी त्याला आरोपपत्रातला पहिला मुद्दा मानतो. जे संकट आधी दिसत होते, त्यावर उपाय न करता नंतर केलेल्या जुगाडाला दूरदृष्टी म्हणता येत नाही. आपल्या भागात कोरड्या बोअरवर पैसे घालणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘आणखी पन्नास फूट’ सांगणारा कोणीतरी भेटतोच. गेली काही वर्षे आपण सगळे तेच ऐकत आहोत. 2023 मध्ये दुसरे, 2024 मध्ये दुसरे, आणि यंदाही बहुधा दुसरेच.

नांदेडचा मास्तर (19 एप्रिल)

मी शाळेत मुलांचा फुटबॉल संघ घेतो, त्यामुळे माझे लक्ष थोडे वेगळ्या गोष्टींकडे जाते. लातूरकरांचे फ्री किकविषयीचे म्हणणे मान्य केले, तरी बर्नाबेऊवरचे नव्वद मिनिटे त्यातून सुटत नाहीत. तिथे माद्रिदला तीन गोल हवे होते, तेराव्या मिनिटालाच आर्सेनलच्या साकाची पेनल्टी माद्रिदचा गोलरक्षक कुर्त्वाने अडवली होती, नंतर माद्रिदला मिळालेली पेनल्टी व्हिडिओ तपासणीत रद्द झाली आणि प्रेक्षक खवळलेले होते. अशा वेळी संघ घाबरून आपल्या पेनल्टी क्षेत्रात गोळा होतो. आर्सेनलचा संघ तसा झाला नाही.

आपण सामना पुन्हा पाहणार असाल, तर चेंडू सोडून फक्त मधल्या फळीकडे पाहा. माद्रिदचा चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे गेला की राइस, थॉमस पार्टी आणि ओडेगार्ड तिघेही एकाच वेळी तेवढेच सरकतात आणि त्यांच्यातले अंतर जवळपास तसेच राहते. माझ्या मुलांना हे शिकवताना माझा घसा बसतो, कारण प्रत्येकाला चेंडूमागे धावायचे असते. मैदानावर दोरी टाकून, दोन-दोन मुलांच्या हातात तिची टोके देऊन सराव घेतला, तरी सामन्याच्या पाचव्या मिनिटाला सगळे एका कोपऱ्यात. व्यावसायिक खेळाडूंची गोष्ट निराळी हे मान्य, पण दडपणाखाली ही शिस्त टिकवणे हे व्यवस्थापकाच्या रोजच्या सरावाचेच काम आहे, आणि ते कोणत्याही एका खेळाडूच्या पायाच्या जादूवर अवलंबून नसते. 2023-24 च्या लीगमध्ये 38 सामन्यांत या संघाने फक्त 29 गोल खाल्ले होते, हे आठवावे.

आर्सेनलचे सेट-पीस प्रशिक्षक निकोला जोव्हर यांच्या कॉर्नरच्या रचनांबद्दलही लिहायचे होते, पण तो स्वतंत्र विषय आहे.

औरंगपुऱ्यातला युनायटेडवाला (20 एप्रिल)

प्रतिस्पर्ध्याच्या घरात डोकावल्याबद्दल क्षमस्व, परंतु या विषयात आमचा अनुभव दांडगा आहे. मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन यांची गोष्ट सगळे सांगतात: 1986 मध्ये आले, 1990 च्या जानेवारीत नोकरी जाण्याच्या बेतात असताना नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला, त्या वर्षी एफए कप मिळाला आणि 1993 मध्ये लीग. धीर धरा, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला त्यापेक्षा दुसरे उदाहरण अधिक उपयोगी वाटते, कारण ते ताजे आहे आणि अजून दुखते.

25 मे 2024 रोजी आम्ही एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला 2-1 असे हरवले. त्या एका दुपारच्या जोरावर आमचे व्यवस्थापक एरिक टेन हाग यांच्यावरचा विश्वास परत आला, जुलैत त्यांचा करार वाढवण्यात आला, आणि ऑक्टोबर संपण्याआधी त्यांना काढून टाकण्यात आले. ज्या हंगामात तो करंडक मिळाला, त्याच हंगामात आम्ही लीगमध्ये आठवे होतो आणि केलेल्या गोलपेक्षा खाल्लेले गोल जास्त होते. म्हणजे लीगचा गुणतक्ता स्वच्छ सांगत होता आणि आम्ही करंडकाकडे पाहत होतो.

परभणीकरांची अडचण बरोबर उलटी आहे. त्यांच्याकडे करंडक नाही, पण तक्ता व्यवस्थापकाच्या बाजूने बोलतो: लागोपाठ दोन वर्षे आठवा, मग पाचवा, मग दोनदा दुसरा, त्यातही 2024 मध्ये 89 गुण मिळवून सिटीच्या केवळ दोन गुणांनी मागे. या परिस्थितीत माद्रिदला हरवल्यामुळे विश्वास बसला असे म्हणण्याऐवजी, जो विश्वास ठेवायला आधीपासून आधार होता तो जानेवारीच्या रागात दिसेनासा झाला होता, असे मी म्हणेन. मला स्वतःला हे लिहिताना फारसा आनंद होत नाही.

लातूरकर (20 एप्रिल)

तक्त्याचा मुद्दा वजनदार आहे. स्ट्रायकरचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

परभणीकर (9 मे)

सर्वांच्या उत्तरांबद्दल आभार. दरम्यान पॅरिस सेंट-जर्मेनने आपल्याला घरच्या मैदानावर 1-0 आणि पॅरिसमध्ये 2-1 असे हरवून बाहेर काढले, त्यामुळे प्रश्नाची परीक्षा आपोआपच झाली.

पहिल्या सामन्यात पार्टी निलंबित होता, म्हणून मेरिनोला पुन्हा मधल्या फळीत यावे लागले आणि पुढे ट्रोसार्ड खेळला. चौथ्याच मिनिटाला त्यांच्या देंबेलेने गोल केला. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मी मधली फळी पाहत होतो: त्या गोलच्या वेळी देंबेले मध्यभागी खाली आला आणि त्याच्यासोबत कोणी सरकले नाही. पार्टी असता तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. पॅरिसमध्ये पहिली वीस मिनिटे आपण त्यांना अक्षरशः कोंडून ठेवले, राइसचे हेडर थोडक्यात बाहेर गेले, त्यांचा गोलरक्षक दोनारुम्माने दोन अप्रतिम बचाव केले, आणि मग फाबियान रुईझने एका फटक्यात सगळे संपवले. शेवटी साकाने गोल केला, पण त्यानंतर रिकाम्या जाळ्यासमोरून त्याचा चेंडू वर गेला.

या पराभवानंतर माझा विश्वास जानेवारीसारखा ढासळलेला नाही, कारण संघ कसा उभा आहे हे आता मला दिसते. मात्र लातूरकरांचा आक्षेप या दोन सामन्यांनी सिद्ध केला, हेही मान्य करतो. एक खेळाडू निलंबित झाल्यावर मधली आणि पुढची, दोन्ही फळ्या हलत असतील, तर ती व्यवस्थापकाइतकीच खरेदी करणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. उन्हाळ्यात खरा स्ट्रायकर आला नाही, तर मी लातूरकरांच्या बाजूला जाऊन बसेन. आपल्या मते तो कोण असावा, यावर नवा धागा काढतो आहे. मास्तरांनी कॉर्नरविषयीही तिथे जरूर लिहावे.