पॉल मॉरिसीचे सिनेमे कुठून सुरू करू? (वॉरहॉलचे नकोत)

मॅटिनीवाला
मंडळी, सल्ला हवाय. वेल्वेट अंडरग्राउंड हा रॉक बँड ऐकता ऐकता त्याच्याशी जोडलेल्या अँडी वॉरहॉल या पॉप आर्टवाल्या चित्रकाराच्या सिनेमांकडे वळलो, 'एम्पायर' लावला, एकच इमारत, आठ तास, कॅमेरा ढिम्म हलत नाही, मी अर्ध्या तासात हात टेकले. मग कळलं की 'फ्लेश', 'ट्रॅश', 'हीट' हे जे त्याच्या नावावर खपतात ते पॉल मॉरिसीने केलेत. २०२४ मध्ये गेला बिचारा, तेव्हाही बातम्यांत वॉरहॉलचं नाव होतंच. सुरुवात कशाने करू?

गच्चीवरचा प्रोजेक्टर
डोळे झाकून 'ट्रॅश' (१९७०). जो डॅलेसँड्रो गर्दुल्ला, इतका सुन्न की कशातच राम उरलेला नाही, आणि हॉली वुडलॉन रस्त्यावरचं भंगार उचलून आणून संसार थाटायला बघतेय. त्यातला सरकारी मदतीचा सीन बघाच. हॉली पोटाला उशी बांधून गरोदर असल्याचं नाटक करते, मदत मंजूर करणारा साहेब तिच्या जुन्या फॅशनच्या बुटांवर लट्टू होतो, म्हणतो हे दे, मी त्यांचा दिवा बनवतो, मग तुझं काम करतो, आणि ही बया हक्काच्या पैशांसाठी भांडेल पण बूट देणार नाही! हसताना पोटात कालवतं. हॉलीला ऑस्कर नामांकन मिळावं म्हणून जॉर्ज क्यूकरसारखा दिग्गज हॉलिवूड दिग्दर्शक खटपट करत होता, मिळालं नाही ते सोडा.

जुनी रीळ
+१. पण आधी 'फ्लेश' बघितलात तर मजा वाढेल. जून १९६८ मध्ये व्हॅलरी सोलानसने वॉरहॉलवर गोळ्या झाडल्या, तो हॉस्पिटलात, आणि त्याच काळात मॉरिसीने कॅमेरा उचलून हा सिनेमा शूट केला. म्हणजे जो माणूस सेटवर नव्हताच त्याचं नाव सगळ्यात मोठं. वॉरहॉल कॅमेरा लावून बसणारा, मॉरिसीला गोष्ट पाहिजे, विनोद पाहिजे, एडिटिंगची कापाकापी पाहिजे. आणि गंमत म्हणजे गडी पक्का कॅथलिक, विचाराने पुराणमतवादी, ड्रग्ज आणि स्वैराचाराचा मनापासून तिटकारा, त्यामुळे त्याची पात्रं बंडखोर न वाटता दमलेली वाटतात. मला तर तेच त्याचं बलस्थान वाटतं.

तिरपागडे
मॉरिसीवर अन्याय झाला वगैरे ठीक आहे, पण पोस्टरवर ते नाव नसतं तर तिकीट काढून आत कोण गेलं असतं? नाव आणि फॅक्टरीतली (वॉरहॉलचा न्यूयॉर्कमधला स्टुडिओ) ती सगळी मंडळी वॉरहॉलचीच की. ती साथ सुटल्यावर १९७८ मध्ये पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीला घेऊन शेरलॉक होम्सचा 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' काढला, सपशेल आपटला. मी बघितलाय, नका बघू.

जुनी रीळ
@तिरपागडे, एका फ्लॉपवरून माणूस मोडीत काढू नका हो. 'मिक्स्ड ब्लड' बघा, ऐंशीच्या दशकातली न्यूयॉर्कमधली अल्फाबेट सिटी नावाची वस्ती, पोरासोरांची ड्रग टोळी आणि त्यांच्यावर राज्य करणारी एक ब्राझिलियन आई. वॉरहॉलचा त्यात काडीचा संबंध नाही आणि सिनेमा चोख आहे. 'स्पाइक ऑफ बेन्सनहर्स्ट' (१९८८) सुद्धा टाइमपास म्हणून बरा.

मॅटिनीवाला
धन्यवाद! मॉरिसीचे ते फ्रँकेनस्टाइन आणि ड्रॅक्युलावरचे सिनेमे कसे आहेत? रक्तबंबाळ असतील तर बायको बसणार नाही सोबत.

गच्चीवरचा प्रोजेक्टर
मग फ्रँकेनस्टाइन एकट्यानेच बघा, तो थ्रीडीसाठी काढलेला, आतडी-बितडी थेट प्रेक्षकांच्या तोंडावर येतात. 'ब्लड फॉर ड्रॅक्युला' (१९७४) जास्त आवडेल. कॅथलिक देश म्हणजे तिथे कुमारिका नक्की सापडणार या हिशोबाने आजारी ड्रॅक्युला शवपेटी घेऊन इटलीला जातो, आणि चुकीचं रक्त पोटात गेलं की भडाभडा ओकतो. ड्रॅक्युला झालेला उडो कीअर अफलातून. 'बायसिकल थीव्ह्ज'चा दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका त्यात मुलींचा कर्जबाजारी बाप झालाय, पाहुण्याच्या 'ड्रॅक्युला' या आडनावाची चव घेत बसतो, तेवढ्यासाठी तरी बघा. शेवटी कुऱ्हाड निघते मात्र, त्या वेळी वहिनींना चहा टाकायला पाठवा.

तिरपागडे
किंवा तुम्ही जा चहा टाकायला, त्या बघतील.