जुनी विंडोज आणि अडकलेले अपडेट : अनुभव धागा

धागाकर्ता, माहीम

विंडोज सेव्हनचं मशीन दुकानात नेलं की 'अपडेट फेल होतंय' एवढं ऐकूनच समोरचा म्हणतो, फॉरमॅट मारू. आणि ज्यांना फॉरमॅट परवडत नाही तेच तर सेव्हनवर बसलेत! पत्रिका छापणारे डीटीपीवाले (जुना पेजमेकर, जुने मराठी फाँट), सोसायटीचं ऑफिस, गाळ्यातल्या मशीनला समांतर पोर्टच्या डोंगलने (परवान्याच्या किल्लीने) बांधलेला डबा, म्हणजे पीसी. म्हणून हा धागा. आपबीती नको. कोड, पॅचचा नंबर, क्रम आणि कारण एवढंच लिहा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहा, टाइप करणारा रोमनमध्ये करेल.

ग्रँट रोड

यातली बरीच प्रकरणं विंडोज बिघडल्याची नसतातच, पायरी चुकल्याची असतात. सेव्हनचा मोफत सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पण त्याआधीच, ऑगस्ट २०१९ पासून, मायक्रोसॉफ्टने सेव्हनच्या अपडेटवर शा-१ ची सही (फाइल खरी असल्याची जुन्या पद्धतीची डिजिटल खूण) देणं बंद करून फक्त नवी शा-२ ठेवली. जुन्या सेव्हनला ही सही ओळखताच येत नाही. फाइल धडधाकट असते, पण मशीन तिला खोटी समजतं आणि ८००९२००४ दाखवतं. अशा वेळी डाउनलोड पुन्हा पुन्हा करून काही होत नाही.

क्रम असा ठेवा. आधी सर्व्हिस पॅक १ (केबी ९७६९३२; केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा पॅचचा नंबर). मग केबी ४४९०६२८, ही मार्च २०१९ ची सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे पॅच बसवणारी यंत्रणा. मग केबी ४४७४४१९, म्हणजे शा-२ ची ओळख. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग साइटवर याच्या एकाहून जास्त आवृत्त्या दिसतात, सप्टेंबर २०१९ ची घ्या. रीस्टार्ट. त्यानंतर केबी ३०२०३६९ आणि लगेच केबी ३१२५५७४. सर्व्हिस पॅकनंतरचे एप्रिल २०१६ पर्यंतचे बहुतेक पॅच या शेवटच्या एका गठ्ठ्यात येतात. ६४ बिटची फाइल पावणेपाचशे एमबीच्या आसपास आहे. ३०२०३६९ आधी नसेल तर गठ्ठा 'हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' म्हणून परत पाठवतो, आणि लोक ३२-६४ बिटचा घोळ शोधत बसतात. (तो घोळही असतो म्हणा, आधी सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या.)

सगळ्यात शेवटी केबी ४५३६९५२ आणि मग केबी ४५३४३१०. हा जानेवारी २०२० चा, सर्वांसाठीचा शेवटचा मासिक रोलअप (एकत्र केलेले पॅच). तो टाकल्यावर 'स्ट्रेच' केलेला वॉलपेपर काळा होतो, घाबरू नका. त्यासाठी केबी ४५३९६०२ सगळ्यांना मोफत दिला होता.

सर्व्हिस पॅकबद्दल एक. ६४ बिटची वेगळी फाइल वापरून टाकायचा तर सी ड्राइव्हवर ७४०० एमबी मोकळी जागा लागते, ३२ बिटला ४१०० एमबी. फाइल स्वतः ९०० एमबीची आहे म्हणून दोन जीबी पुरेल असं धरून चालू नका.

दादर पूर्व

घड्याळ. सगळ्यात आधी घड्याळ.

कोड ८००७२एफ८एफ आला म्हणजे सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि मशीनची तारीख जुळत नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की बटण बंद केल्यावर तारीख बोर्डाच्या जन्मवर्षात जाते. टास्कबारवर तास-मिनिटं दिसतात, वर्ष दिसतंच असं नाही, म्हणून कर्सर नेऊन वर्ष वाचा. सेल ३ व्होल्टचा, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तारीख भरा आणि सॅटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड आधी होता तोच आहे ना तेही बघा. सेल काढल्यावर काही बोर्ड आयडीई-एएचसीआय हे दोन मोड उलटसुलट करतात आणि मग विंडोज निळ्या पडद्यावर ७बी हा कोड देऊन पडते. खापर मात्र अपडेटवर फुटतं.

दुसरं प्रमाणपत्राचंच. डॉट नेट ४.८ (बऱ्याच प्रोग्रॅमना लागणारं मायक्रोसॉफ्टचं जोड-सॉफ्टवेअर; सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती) टाकताना 'सर्टिफिकेट चेन बनवता आली नाही' असं आलं तर मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टचं २०११ चं रूट प्रमाणपत्र नाही. ते दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेनड्राइव्हने आणा, 'ट्रस्टेड रूट' या कप्प्यात इम्पोर्ट करा. तेही 'लोकल कॉम्प्युटर'च्या कप्प्यात. नुसतं डबल क्लिक करून 'पुढे, पुढे' दाबलं तर ते भलत्याच ठिकाणी जातं.

मुलुंड

'अपडेट तपासत आहे' ही हिरवी पट्टी सहा-सहा तास फिरते त्याबद्दल. मशीन हँग नसतं. टास्क मॅनेजरमध्ये एक एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण खाताना दिसतो. अपडेटचा जुना एजंट (अपडेट शोधणारा भाग) कुठला पॅच कुठल्याची जागा घेतो याची साखळी मोजत असतो, आणि सेव्हनची साखळी भलतीच लांबली आहे. ३२ बिट आणि दोन जीबी रॅम असेल तर हीच मोजणी मेमरी संपवते आणि ८००७०००ई येतो.

उपाय केबी ३१७२६०५, जुलै २०१६ चा रोलअप. त्यालाही ३०२०३६९ आधी लागतो. गंमत अशी की हा हाताने टाकायला गेलात तरी तो 'या संगणकावर अपडेट शोधत आहे' म्हणत तसाच बसतो, कारण तीच सर्व्हिस मागे मोजत असते. म्हणून: सेटिंगमध्ये 'कधीही तपासू नका', नेटची वायर काढा, रीस्टार्ट, सर्व्हिसेसमधून 'विंडोज अपडेट' थांबवा आणि लगेच फाइलवर डबल क्लिक. दोन-चार मिनिटांत बसतो. सर्व्हिस थांबवायची, 'डिसेबल' करायची नाही. डिसेबल केलीत की ८००७०४२२ आलाच.

नव्याने टाकलेल्या सेव्हनवर तपासायला दाबताक्षणी ८००७२ईएफई येतो, तो वेगळा. २०२० मध्ये शा-१ वाले अपडेट सर्व्हर बंद झाले, कोऱ्या सेव्हनचा एजंट तेच दार ठोठावतो. ग्रँट रोडवाल्यांनी सांगितलेले ४४९०६२८ आणि ४४७४४१९, शिवाय नव्या एजंटसाठी केबी ३१३८६१२, हे तिन्ही हाताने टाका. राउटर बदलू नका!

भांडुप

८००७३७१२ म्हणजे कंपोनंट स्टोअर (विंडोजच्या मूळ फाइलींचा साठा, विनएसएक्सएस फोल्डर) खराब. इथे लोक 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' फोल्डरचं नाव बदलतात. तो उपाय अर्धवट उतरलेल्या फाइलींसाठी ठीक आहे (अपडेट आणि बिट्स (डाउनलोड करणारी) या दोन सर्व्हिस थांबवून, नाव बदलून, परत चालू करून), पण स्टोअरच्या दुखण्याला त्याचा उपयोग शून्य. वर अपडेटचा इतिहास मात्र कोरा होतो, मग आधी काय बसलं होतं ते कळत नाही. इतिहासाचा फोटो काढून ठेवा.

डीआयएसएम या दुरुस्तीच्या कमांडचं 'रिस्टोअर हेल्थ' सेव्हनमध्ये नाही, ते आठपासून आलं. सेव्हनसाठी केबी ९४७८२१ आहे, सिस्टीम अपडेट रेडीनेस टूल. दिसायला साधा पॅच, पण बसताना तोच तपासणी करतो. पट्टी बराच वेळ एका जागी थांबते, अर्धा-पाऊण तास हात लावू नका. संपल्यावर विंडोज\लॉग्स\सीबीएस मध्ये 'चेकसर' नावाचा लॉग उघडा आणि तळाची ओळ वाचा. 'दुरुस्त न झालेल्या फाइली' असं असेल तर खाली पॅकेजची नावं दिलेली असतात आणि प्रत्येक नावात केबीचा नंबर असतो. तो पॅच कॅटलॉगमधून आणा, 'एक्स्पांड' कमांडने उलगडा, त्यातल्या त्याच नावाच्या एमयूएम आणि कॅट फाइली विंडोज\टेम्प\चेकसर\सर्व्हिसिंग\पॅकेजेस या फोल्डरात ठेवा (फोल्डर नसेल तर बनवा), आणि टूल पुन्हा चालवा. कंटाळवाणं काम आहे, पण पाच-सात फाइलींसाठी फॉरमॅट मारण्यापेक्षा स्वस्त.

एसएफसी स्कॅननाऊ (सिस्टीमच्या फाइली तपासून बदलणारी कमांड) त्यानंतर. स्टोअरच फाटकं असेल तर एसएफसी ठिगळ आणणार कुठून?

लालबाग

वरचं सगळं करण्याआधी हार्ड डिस्क तपासा. ८००७०४५डी हा सरळ वाचन-लेखनाचा दोष आहे. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) 'रीअलोकेटेड' (बदललेले) आणि 'पेंडिंग' (संशयित) सेक्टर बघा. पेंडिंग शून्यावर नसेल तर आधी इमेज (डिस्कची पूर्ण प्रत) काढा, मग बाकीचं. डिस्क ठीक असेल तर सॅटाची केबल बदलून बघा आणि रॅमच्या पट्ट्यांचे संपर्क खोडरबराने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात खाडी-समुद्राजवळ, पट्टीवर थर चढतो आणि उतरवलेली फाइल दर वेळी वेगळ्या जागी खराब निघते. चुकीचा कोड दर वेळी बदलत असेल तर संशय हार्डवेअरवर.

बोरिवली

'बदल मागे घेत आहे, संगणक बंद करू नका' यातले दोन प्रकार वेगळे ओळखा.

एक, पॅच फेब्रुवारी २०२० किंवा त्यानंतरचा आहे. हे पैसे भरून घ्यायच्या वाढीव सपोर्टचे, जानेवारी २०२३ पर्यंत निघालेले. कॅटलॉगमधून कुणालाही उतरतात, बसतातही, टक्के शंभरापर्यंत जातात आणि रीस्टार्टनंतर मागे फिरतात. परवान्याची की नसेल तर हे असंच होणार, मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

दोन, खरोखर अडकलेलं. '३ पैकी ३ टप्पा' वर पडदा थांबला असेल तर बटण दाबून बंद करण्याआधी कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबा, लॉगिन येतं. ३०२०३६९ बाबत हे ठरलेलंच आहे. दर बूटला तेच चक्र फिरत असेल तर एफ८, रिपेअर, कमांड प्रॉम्प्ट. तिथे सी ड्राइव्ह बऱ्याचदा डी म्हणून दिसतो, आधी डीर करून विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा. मग डीआयएसएम, /इमेज:डी:\, /क्लीनअप-इमेज, /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स. पेंडिंग एक्सएमएल (राहिलेल्या बदलांच्या यादीची फाइल) हाताने उडवायचा सल्ला नेटवर सर्रास दिसतो. तो सगळ्यात शेवटी, आणि इमेज हातात असेल तरच; अर्धी फाइल नवी, अर्धी जुनी अशी विंडोज उरते.

विलेपार्ले

विंडोज दहाचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तीही आता याच धाग्याची. जानेवारी २०२४ चा केबी ५०३४४४१ आणि ८००७०६४३. हा कोड फसवा आहे, खरं दुखणं जागेचं. रिकव्हरी पार्टिशनमध्ये (दुरुस्तीसाठी राखलेल्या डिस्कच्या भागात) २५० एमबी मोकळी लागते आणि जुन्या मशीनवर अख्खं पार्टिशनच जेमतेम ५०० चं असतं. रीएजंटसी /इन्फो या कमांडने ते कुठे आहे बघा, /डिसेबल करा, सी ड्राइव्ह २५० एमबीने आक्रसा, जुनं रिकव्हरी पार्टिशन काढून मोठं बनवा, /एनेबल. पार्टिशन सी च्या आधी असेल तर ही मिळालेली जागा त्याला जोडता येत नाही, सी च्या नंतर नवं करावं लागतं. डिस्क जीपीटी पद्धतीची असेल तर पार्टिशनला टाइप आणि अ‍ॅट्रिब्यूट द्यायला विसरू नका, नाहीतर एक्सप्लोररमध्ये भलताच ड्राइव्ह दिसत राहतो. रिकव्हरी वापरतच नसाल तर हे अपडेट सोडून दिलं तरी चालेल.

गिरगाव

थोडं वेगळं मत. पत्रिकेच्या डब्याला अपडेट हवेतच कशाला? त्याला नेट देऊ नका. आयपी हाताने भरा, गेटवेची (नेटकडे जाण्याच्या दाराची) जागा रिकामी ठेवा. घरातल्या प्रिंटरपर्यंत जातो, बाहेर जात नाही. नेट लागणारच असेल तर क्रोम सेव्हनवर १०९ ला थांबलं आहे, फायरफॉक्सची ११५ ईएसआर (लांब मुदतीच्या सपोर्टची) ही शेवटची शाखा. बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर करा.

ग्रँट रोड

गिरगावशी सहमत, पण ४४९०६२८ आणि ४४७४४१९ तरी टाकून ठेवाच. नव्या ड्रायव्हरांवर फक्त शा-२ ची सही असते. प्रिंटर बदललात की सेव्हन तो घेणार नाही.

आणि खरडवहीत कुणीतरी ८००एफ०ए१२ विचारलं होतं. क्लोन केलेल्या एसएसडीवर सर्व्हिस पॅक टाकताना येतो. सिस्टीम पार्टिशन बूटला माउंट होत नाही. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टवर माउंटव्हॉल /ई, रीस्टार्ट. तरीही आला तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये १०० एमबीचं 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' अ‍ॅक्टिव्ह आहे का बघा आणि जुनी डिस्क सोबत लावून ठेवली असेल तर तिची केबल काढून मगच सर्व्हिस पॅक चालवा.